चकत्यांचं पुस्तक

बाबांचं पुस्तक हरवलं त्या दिवशी बाबाही हरवले होते; पण बाबा सापडले.

बस शेवटच्या थांब्यावरून पुढे डेपोत जाऊन उभी राहिली. झाडायला चढलेल्या माणसाला मागच्या सीटवर इस्त्रीचा कोट घातलेले एक गृहस्थ ताठ बसलेले दिसले. "काका, उतरायचं नाही का?" असं त्याने विचारलं, तर ते म्हणाले, "माझा थांबा आला नाही अजून." त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर लेकीचा, धाकटीचा, फोन नंबर होता म्हणून बरं. ती लॅबमधून ॲप्रनसकट धावत सुटली. डेपोत पोचली तेव्हा बाबा बाकावर बसून चहा पीत होते आणि ड्रायव्हरला पत्ते पिसण्याची योग्य पद्धत समजावून सांगत होते. घरी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. दारात चपला काढताना त्यांनी काखेकडे पाहिलं आणि विचारलं, "माझं पुस्तक?"

पुस्तक बसमध्ये नव्हतं, डेपोत नव्हतं. धाकटीने दोन खेपा घातल्या. ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं, कोपरे झिजलेलं, मधली पानं सुटलेलं ते बाड कुणी रद्दीत घातलं असलं तर नवल नव्हतं.

बाबा उभं आयुष्य कॅसिनोत टेबलाच्या मागे उभे होते. त्यांनी पत्ते वाटले, चाक फिरवलं, लोकांचे चेहरे उतरताना पाहिले, आणि स्वतः कधी एक डाव लावला नाही. "टेबलाच्या या बाजूला उभं राहिलं की त्या बाजूला जायची इच्छाच मरते," म्हणायचे. नाद होता तो चकत्यांचा, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावतात त्या गोल तुकड्यांचा. सगळं जग त्यांना चिप्स म्हणतं, बाबा चकत्या म्हणायचे. एखादा कॅसिनो बंद पडला की त्याच्या चकत्या मोडून टाकतात, गाडून टाकतात. पण कुणाच्या तरी कोटाच्या खिशात, कुणाच्या खणात एखादी राहून जाते. अशा राहून गेलेल्या बाबांनी गोळा केल्या होत्या. त्यांच्या खोलीत उथळ खणांचं एक कपाट होतं आणि खणात मखमलीच्या खाचा. कुठल्याही खाचेखाली काही लिहिलेलं नव्हतं. "लिहून ठेवलं की डोकं आळशी होतं," हे त्याचं कारण.

लिहिलेलं नव्हतं, कारण ते सगळं बाबांच्या डोक्यात होतं. प्रत्येक चकतीचा त्या जाड छापील पुस्तकात, जगभरच्या चकत्यांच्या यादीत, एक क्रमांक होता आणि तो बाबांना पाठ होता. धाकटी आणि दादा लहान असताना घरात 'ओळख' नावाचा खेळ चालायचा. पोरांनी डोळे मिटून एक चकती काढायची. बाबा ती हातात घ्यायचे, अंगठा कडेवरून फिरवायचे, आणि क्रमांक सांगायचे. मग पुस्तक उघडायचं आणि त्या क्रमांकापुढचं मोठ्याने वाचायचं: अमुक कॅसिनो, रंग हिरवा, कडेला तीन पिवळे पट्टे, साच्यावर, म्हणजे उठावाच्या नक्षीत, टोपी आणि काठी. चकती हातात तशीच्या तशी! दादा टाळ्या पिटायचा. शाळेत कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे वकील. या दोघांचे वडील जादूगार.

दादा आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता, पण फोनवर रोजच्या रोज.

"धाकटे, मी जागा बघून ठेवलीये. चांगली आहे. बाग आहे, नर्स आहे."

"बसमध्ये डोळा लागला त्यांचा. तुझा लागत नाही?"

"गॅस चालू राहिला तेव्हाही डोळाच लागला होता का?"

"तू राहतोस का त्यांच्याजवळ? मी राहते."

"म्हणूनच सांगतोय. तुझा नवरा सहा-सहा महिने बोटीवर. उद्या मुंगीला घेऊन गेले आणि तिलाच विसरून आले, तर?"

 मुंगी म्हणजे धाकटीची लेक, नुकती वाक्यं जोडायला लागलेली. दादा जे आज बोलला ते धाकटीच्या मनात डेपोच्या बाकापाशीच येऊन गेलं होतं. त्या दिवसापासून तिने मुंगीला बाबांजवळ एकटं सोडलं नव्हतं. कामावर जाताना शेजारच्या काकूंकडे ठेवायची आणि बाबांना सांगायची, "काकूंना करमत नाही हो तिच्याशिवाय." बाबा हो म्हणायचे. त्यांना कळत असेल का, हा विचार ती जिन्यावरून उतरताना करायची आणि खाली पोचेपर्यंत सोडून द्यायची.

"तू रविवारी ये," ती म्हणाली. "आपण ओळख खेळू. बाबा चुकले तर मी तोंड उघडणार नाही. पण नाही चुकले, तर तू जागेचं नाव काढायचं नाही."

"हा काय पोरखेळ आहे?"

"हो, आपलाच होता. घाबरतोस?"

पलीकडून "बरं" आलं. दादा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

बाबांना तिने त्याच संध्याकाळी सांगितलं, अर्थात पैजेचा भाग गाळून. "रविवारी दादा येतोय. ओळख खेळायची म्हणतोय." कितीतरी दिवसांनी बाबांच्या पाठीत ताठपणा आला. "पुस्तकाशिवाय? मग मी काहीही ठोकून देईन आणि तुम्ही माना डोलवाल. पुस्तक पाहिजे."

म्हणजे पुस्तक निवडायची जबाबदारी आता धाकटीवर. आणि ती काही कुठलंही पुस्तक उचलणाऱ्यांतली नव्हती. पाळणा घेताना तिने त्याच्या गजांमधलं अंतर मोजलं होतं. मुंगीच्या तापाच्या औषधाचा कागद ती दोन्ही बाजूंनी वाचायची. जेवणाच्या सुट्टीत, लॅबच्या मागच्या पायरीवर बसून, फोनवर तिने संग्राहकांचे जेवढे सल्ले मिळाले तेवढे वाचले. आधी पुस्तक घ्या, मग चकत्या. नुसत्या किमतींचं पुस्तक घेऊ नका, किमती वर्षात शिळ्या होतात. कधी टेबलावर न आलेल्या, फक्त संग्राहकांना विकायला बनवलेल्या चकत्या जे पुस्तक वेगळ्या काढत नाही ते फेकून द्या. चकतीची कड दाखवणारी चित्रं आहेत का बघा. आणि जवळजवळ प्रत्येकाचा एक सल्ला: नेहमी नवीन आवृत्ती घ्या.

नाणी-तिकिटांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. आत काचेची कपाटं, जुन्या कागदाचा वास, आणि डोळ्याला भिंग लावलेला दुकानदार. त्याने काउंटरवर चार पुस्तकं मांडली.

"भेट द्यायचंय का?"

"वडिलांना. त्यांचं हरवलं."

"मग त्यांनाच घेऊन यायचं होतं. संग्राहकाला दुसऱ्याने आणलेलं पुस्तक म्हणजे दुसऱ्याने आणलेला चष्मा."

धाकटी कसंनुसं हसली. बाबांना आणायचं तिच्या मनात आलं होतंच. पण बस, गर्दी, रस्ता ओलांडणं... तिने तो विचार बाजूला सारला होता. तसे अलीकडे बाबांच्या बाबतीतले बरेच विचार ती परस्पर बाजूला सारायची.

पहिलं पुस्तक किमतींचं. ते तिने न उघडता परत केलं. बाबांनी कुठल्या चकतीची किंमत कधी काढली नव्हती. दुसऱ्यात खऱ्याखोट्याचा काही धरबंध नव्हता. तिसरं आणि चौथं एकाच नावाचं होतं, आणि ते नाव बाबांच्याच पुस्तकाचं. एक जुनी आवृत्ती: बोटभर जाड, चित्रं नाहीत, बारीक टाइपात ओळींमागून ओळी, पाठीला चिकटपट्टी. दुसरी नवी: दुप्पट जाड, गुळगुळीत पानं, प्रत्येक चकतीचा रंगीत फोटो, कडेसकट.

"जुन्यात आहे ते सगळं नव्यात आहे," दुकानदार म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. "शिवाय हजारोंनी भर. जुनं कोण घेतं आता?"

धाकटीने तरी पडताळा घेतला. बाबांकडे असलेल्या दोन बंद कॅसिनोंची नावं तिने सूचीत शोधली; सापडली. फोटोंचे रंग दारातल्या उजेडात धरून पाहिले. बाइंडिंग ओढून पाहिलं. बाबांचे डोळे आता बारीक टाइपाला दमतात, फोटो असलेले बरे, हाही विचार केला. इतक्या विचाराने तिने लग्नही केलं नसेल. नवी आवृत्ती घेऊन ती घरी आली तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले होते.

बाबांनी पुस्तकाचं वजन हातावर तोललं. "बाळसं धरलंय की!" म्हणाले. पण उघडलं नाही. "रविवारपर्यंत बघणार नाही. नाहीतर तो म्हणेल, घोकून बसलाय म्हातारा."

रविवारी दादा आला, मुंगीला खांद्यावर घेऊन घरभर फिरला, आणि मग तिघं बाबांच्या खोलीत कपाटासमोर बसली. बाबांनी दाढी घोटली होती. दादाने डोळे मिटून खणात हात घातला, अगदी लहानपणी घालायचा तसा, आणि एक निळी चकती बाबांच्या तळहातावर ठेवली.

बाबांचा अंगठा कडेवरून फिरला. "चारशे सतरा," ते म्हणाले. "घाई नको. शांतपणे वाच."

धाकटीने पान काढलं. चारशे सतरापुढे तपकिरी चकतीचा फोटो होता, भलत्याच कॅसिनोची.

"काय गं?"

"पान चुकलं वाटतं." तिने पुन्हा पाहिलं. पान चुकलं नव्हतं.

"वाच की."

तिने वाचलं. बाबा हसले. "एखादा आकडा चुकायचाच. दुसरी काढ रे."

दुसरी लाल होती. बाबांनी ती उलटीपालटी केली, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाले, "अकराशे दोन. हिच्या साच्यावर घोड्याचं डोकं आहे, बघ." घोड्याचं डोकं चकतीवर होतं. अकराशे दोनपुढे मात्र पांढरी चकती, साधी, बिनघोड्याची.

दादाने पुस्तक हळूच धाकटीच्या मांडीवरून उचललं. लाल चकतीवरचं कॅसिनोचं नाव त्याने मागे सूचीत शोधलं, पान काढलं आणि फोटोवर बोट ठेवलं. "ही आहे ना, बाबा? हिचा क्रमांक इथे सव्वीसशेच्या पुढे आहे."

"बघू."

बाबांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. लाल चकती फोटोशेजारी धरली. तीच होती, घोड्यासकट. क्रमांक दुसराच होता. एरवी कुणालाही आधी वाटलं असतं की पुस्तकातच काहीतरी गफलत आहे. बाबांना तसं वाटलं नाही. गेले कित्येक महिने घरात काहीही चुकलं की ते बाबांचंच निघत होतं: गॅस, किल्ल्या, वार, थांबा. त्याच ओळीत हेही जाऊन बसलं.

"अजून एक," ते म्हणाले. कुणी हात हलवला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच खणातून हिरवी चकती घेतली. "ही पहिली घेतलेली. हिच्यावर तर... सदतीस. सदतीसच."

धाकटीला पान उघडायचं नव्हतं. दादालाही नव्हतं, तो खिडकीकडे बघायला लागला. शेवटी बाबांनीच उघडलं. बराच वेळ बघत राहिले, पुस्तक मिटलं, आणि हिरवी चकती तिच्या खाचेत ठेवायला गेले, पण कुठली खाच ते त्यांना ठरवता येईना. दोन खण उघडून पाहिले. मग ती कपाटावरच ठेवली.

"मुंगीला बिस्कीट दे गं," ते म्हणाले. "रडेल ती."

मुंगी रडत नव्हती. ती दारात उभी राहून तिघांकडे आळीपाळीने बघत होती.

"बाबा, राहू दे ना," दादा म्हणाला.  "इतक्या वर्षांनी कुणाला..."

"तुझी ती जागा," बाबा म्हणाले, "खोलीला खिडकी आहे का?"

धाकटीने तोंड उघडलं नाही. तसं ठरलंच होतं. पण खरं कारण ते नव्हतं. सदतीसचं पान उघडलं त्या क्षणी तिलाही पटलं होतं की बाबा गेले, समोर बसलेत ते उरलेले. दादाशी भांडणारी ती, आणि दादाच्या आधी तिलाच पटलं.

त्याच आठवड्यात लॅबमध्ये नवीन यंत्रणा बसली. धाकटी एका म्हाताऱ्या बाईंचा मागचा रिपोर्ट शोधत होती आणि पडद्यावर कुणा तरण्याताठ्या पुरुषाचा रिपोर्ट येत होता. तिने तीनदा नंबर घातला.

शेजारची सहकारी वाकून म्हणाली, "अगं, जुना नंबर घालून कशी सापडेल? सगळ्यांना नवे दिलेत. जुन्याने शोधशील तर भलताच माणूस निघणार."

धाकटीने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवून दिली. नळीवर आधी नंबर, मग रक्त, हे नव्या मुलींना शिकवणारी ती. तिने डोकं दुखतंय म्हणून सुट्टी मागितली. चेहरा असा झाला होता की कुणी जास्त काही विचारलं नाही.

बाबा झोपले होते. पुस्तक जेवणाच्या टेबलावर तसंच पडलेलं. निवडताना तिने सूची पाहिली होती, फोटो पाहिले होते, बाइंडिंग पाहिलं होतं. प्रस्तावना कोण वाचतं? दुसऱ्याच परिच्छेदात, साध्या टाइपात होतं: भर फार पडल्यामुळे या आवृत्तीत सर्व नोंदींची फेरमांडणी केली आहे, आधीच्या आवृत्त्यांचे क्रमांक आता लागू नाहीत.

ती तशीच दुकानात गेली. जुनी आवृत्ती अजून कपाटात होती. दुकानदाराने विचारायच्या आत तिने ती काउंटरवर उघडली. चारशे सतरा: निळी. अकराशे दोन: लाल, साच्यावर घोड्याचं डोकं. सदतीस: हिरवी. तिन्ही बरोबर. एकही आकडा इकडचा तिकडे नाही. दुकानदाराने भिंग काढलं आणि खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही; पैसे देऊन पुस्तक घेतलं आणि बाहेर पडली. गल्लीतूनच तिने दादाला फोन लावला, आणि रडत, अडखळत सगळं सांगितलं.



"ऐकतोयस ना? तिन्ही बरोबर होते. तिन्ही!"

"ऐकतोय." दादा म्हणाला, "काल त्यांनीच फोन केला होता मला. तू कामावर असताना. म्हणाले, लवकर कर. म्हणाले, धाकटी पोरीला माझ्याजवळ ठेवत नाही, आणि बरोबर करते."

धाकटीने पुस्तक दुसऱ्या काखेत घेतलं.

"चकत्या आठवतात त्यांना, मान्य," दादा म्हणाला. "पण थांबा आठवला नाही ना, धाकटे. मुंगीला ठेवशील का उद्यापासून त्यांच्याकडे? सांग. तू ठेव, मी जागा सोडतो."

हो म्हणायला एक क्षण लागला असता. तो क्षण गेला, त्याच्या मागून दुसरा गेला. फोन कुणी आधी ठेवला ते तिला नंतर आठवेना.

बाबा जागे झाले होते आणि पलंगावर बॅग उघडून बसले होते. शर्टांच्या घड्या टेबलावर पत्ते लावावेत तशा नेमक्या. धाकटी त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली, जुनी आवृत्ती उघडली, आणि तिन्ही नोंदी एकेक करून बोट ठेवून दाखवल्या. क्रमांक बदलले होते, बाबा. पुस्तक चुकीचं होतं. मी चुकीचं आणलं. तुम्ही नाही चुकलात.

बाबांनी तिन्ही ओळी वाचल्या. हिरवीची दोनदा वाचली.

"असं झालं होय," ते म्हणाले.

"दुसरी काढू? अजून काढू चार-पाच. तुम्ही सांगा, मी वाचते. दादाला फोनवर ऐकवू." ती उठून खण उघडायला गेलीसुद्धा.

"नको."

"बाबा, एकच."

"नको म्हटलं ना." मग त्यांनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "सध्या दोष पुस्तकाचा आहे. किती बरं आहे ते! आता तू पुन्हा काढशील, मी सांगेन, आणि चुकेन. मग तो माझा होईल. तेवढं नको करूस."

"नाही चुकणार तुम्ही."

"रविवारी मी नाही चुकलो आणि मला चुकल्यासारखंच वाटलं. आता बरोबर आलं तरी मला कुठे खरं वाटणार आहे?" ते हसले. "माणसाचा हात टेबलावर एकदा थरथरला ना, की मग पुढचे पत्ते नीट वाटले तरी त्याला उठवतात. मीच उठवलेत कित्येकांना."

धाकटीला पुष्कळ सांगायचं होतं. बॅग रिकामी करा, तुम्ही कुठे जाणार नाही, मी दादाला सांगते, मुंगी तुमच्याकडेच राहील. शेवटच्या वाक्यापाशी तिची जीभ अडत होती, आणि ते सोडून बाकीची बोलण्यात काही अर्थ नव्हता, हे तिला आणि बहुधा बाबांनाही माहीत होतं.

"कपाट?" तिने विचारलं.

"कपाट कुठे नेऊ? राहू दे इथेच. मुंगी मोठी झाली की खेळेल." त्यांनी बॅगेत हात फिरवून जागा चाचपली. "पुस्तक मात्र एक नेतो."

तिने जुनी आवृत्ती पुढे केली. बाबांनी ती हातात घेतली, पाठीवरची चिकटपट्टी बोटाने दाबून बसवली, आणि तिला परत दिली.

"ते दे. मोठं."

"त्यात क्रमांक..."

"क्रमांक कशाला? चित्रं आहेत त्यात. दिवसभर बसून करायचं काय तिथे?"

ती टेबलावरून नवी आवृत्ती घेऊन आली. तिच्या मागोमाग, काकूंकडून सुटून आलेली मुंगीही खोलीत शिरली आणि पलंगावर चढून बाबांच्या कुशीत घुसली. बाबांनी पुस्तक दोघांच्या मांड्यांवर मधोमध उघडलं.

"हे काय?" मुंगीने बोट ठेवलं.

बाबांनी चकतीकडे पाहिलं. धाकटी दारात उभी होती. तिला त्या चकतीचं नाव, साचा, कडेचे पट्टे, कॅसिनो कधी बंद पडला तेसुद्धा बाबांच्या तोंडून ऐकून पाठ होतं.

"निळं," बाबा म्हणाले.

"आणि हे?"

"हे लाल."